आडनाव काय म्हणालात?

मराठवाड्यात एसटीत शेजारी बसलेला माणूस पुढचा थांबा यायच्या आत विचारतो, "कुठलं गाव, पाव्हणं?" मग काम काय, लेकरं किती, पगार किती. कोल्हापुरात अनोळखी माणूसही 'भावा' असतो. पुण्यात दुकान दुपारी १ ते ४ बंद, वर 'पत्ता विचारू नये' अशी पाटी. मुंबईच्या लोकलमध्ये कुणी कुणाचं नाव विचारत नाही, पण तिघांच्या बाकावर चौथ्यासाठी सगळे सरकतात. एवढ्यावरून गावाकडची माणसं मायाळू आणि शहरातली तुसडी, असा निकाल आपण देऊन मोकळे होतो. मला तो पटत नाही.

गावाकडच्या चौकशीत माया असतेच. एरवी कोण कुणाला आपल्या फडक्यातली भाकरी देतं? पण समोरच्याला कुठे बसवायचं, हेही त्या चौकशीत ठरत असतं आणि आडनाव त्यासाठी हवं असतं. आपल्यातल्या देशमुख-पाटलांना हे नीट ठाऊक आहे. आडनाव ऐकून समोरचा खुलतो, "कुठले देशमुख?" म्हणतो. मग नाव कळतं. काही जण तसेच बोलत राहतात, काहींना एकदम खिडकीबाहेरची तूर दिसू लागते. कोकणातल्या खोत-चौगुल्यांचंही तेच. मुलाणी, बागवान, मुजावर यांची गोष्ट पहिल्याच प्रश्नाला संपते, तेवढाच वेळ वाचतो म्हणायचं.

म्हणून शहराचा कोरडेपणा मला पुष्कळदा सोयीचा वाटतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याचे गोडवे गायला डॉ. आंबेडकरांनी साफ नकार दिला होता. सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे कुणाकुणाची घुसमट होते, हे त्यांना सांगावं लागणार नव्हतं. लोकलच्या गर्दीत तुम्ही नुसते प्रवासी असता. अर्थात गाडीतून उतरून भाड्याने घर शोधायला लागलात की शहरही आडनाव विचारतंच. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुसलमानांना हव्या त्या वस्तीत घर मिळत नसल्याच्या तक्रारी नोंदवल्या आहेत.

आता आपल्याकडे पाहू. मोहल्ल्यात नवं कुटुंब आलं की जमात कुठली, बिरादरी कुठली, मस्जिद कुठली, सगळं पहिल्याच चहाला विचारून होतं. शिकायला आलेली एकटी मुलगी असेल तर विचारूच नका. निकाह कधी, बुरखा का नाही, रात्री इतका उशीर कसा, अब्बांना माहीत आहे का? ही विचारपूस आपुलकीनेच चालते आणि नकोशी झाली तरी तिने हसून उत्तर द्यावं, अशी अपेक्षा असते. "गाव सांगते चाचा, बाकीचं राहू द्या," असं म्हणून तिने कानात इअरफोन घातले, की तिला घमेंडी ठरवणारे पाटीवाले पुणेकर नसतात. ते आपलेच चाचा असतात.