चप्पल नको, घड्याळ बघा

शेजारच्या बाकावरची मैत्रीण अचानक ताठ झाली, खाली कोसळली, हातपाय झटकायला लागली, तर तुम्ही काय कराल? खरं सांगा. निम्मे मागे सरकतील, एक-दोघे मोबाइल काढतील आणि कुणीतरी ‘चप्पल आणा, कांदा आणा’ म्हणून ओरडेल. सेकंड इयरला आमच्या लॅबबाहेर हेच झालं. एकाने तर तिच्या दातांत स्टीलचा चमचा घातला. हेतू चांगलाच होता, पण पुढचा दात तुटला. ती शुद्धीवर आली तेव्हा भोवती तीस-चाळीस चेहरे आणि नाकाशी कुणाची तरी फ्लोटर. पुढचे पंधरा दिवस ती कॉलेजला आली नाही. फिटमुळे नाही, आमच्यामुळे.

मेंदूतल्या पेशी विजेच्या बारीक संकेतांनी एकमेकींशी बोलतात. एरवी प्रत्येकीचं आपापलं चालू असतं, कँटीनमधल्या गप्पांसारखं. फिट येते तेव्हा पेशींचा मोठा गट एकदम एकाच तालात संकेत सोडायला लागतो. सगळ्या कँटीनने गप्पा सोडून टेबलं बडवावीत, तसं. बहुतेक वेळा मेंदू स्वतःच दोन-तीन मिनिटांत हे आवरतो. चप्पल हुंगवणाऱ्याला मात्र वाटतं, आपल्या चपलेनेच काम केलं!

म्हणून आधी घड्याळ बघा. डोक्याखाली जॅकेट ठेवा, चष्मा काढा, बाकं बाजूला करा. हातपाय दाबून धरू नका. झटके ओसरले की कुशीवर वळवा. तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. जीभ गिळली जात नाही, ती भीती सोडा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, शुद्ध येण्याआधीच दुसरी आली, मार लागला किंवा आयुष्यातली पहिलीच असेल, तर १०८ लावा. आणि व्हिडिओ काढणाऱ्याला बाहेर काढा. (काही फिट्समध्ये झटके नसतातच. माणूस काही सेकंद नुसता शून्यात बघतो, आणि सर ओरडतात, ‘लक्ष कुठंय?’)

हे शिकायला अर्धा तास पुरतो. अवघड आहे ती लपवाछपवी. जागतिक आरोग्य संघटना सांगते, योग्य उपचार मिळाले तर अपस्माराचे ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटविना जगू शकतात. पण गोळी वेळेवर हवी आणि झोप पुरेशी हवी. आता हॉस्टेलवरची मुलगी डोळ्यांसमोर आणा. घरून ताकीद आहे, ‘कुणाला सांगू नकोस, उद्या लग्नाचं बघायचंय.’ ती बाथरूममध्ये जाऊन गोळी घेते. रूममेट्स आल्या की डोस राहतो. सबमिशनच्या आदल्या रात्री सगळ्या जागतात, मग तीही जागते, कारण ‘मला झोपावंच लागतं’ म्हटलं की का ते सांगावं लागेल. डोस चुकला, झोप चुकली. पुढची फिट जिन्यात आली तर?

हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा लग्नातला अडथळा मानला जायचा. १९९९च्या दुरुस्तीने तो शब्दच कायद्यातून गेला. आपल्या घरांतून अजून गेलेला नाही, आणि काकू-मावश्यांना नावं ठेवण्याआधी आपण आपल्या वर्गाचं बघू. ‘ए, फिट येईल हं त्याला’ हा जोक आपल्याच ग्रुपवर फिरतो. असा ग्रुप असताना कुणी आपला आजार का सांगावा? सांगण्याची सक्ती तर नकोच. पण पहिल्या वर्षाच्या ओरिएंटेशनला रॅगिंगविरोधी फॉर्म भरून घेता, तसा फिटच्या प्रथमोपचाराचा अर्धा तास ठेवा, ही मागणी आपण प्राचार्यांकडे नक्कीच करू शकतो.

आमची मैत्रीण परत आली ती स्वतःहून सगळं सांगूनच. रात्री नऊला तिच्या मोबाइलचा अलार्म वाजतो, आणि कॉरिडॉरमधून कुणीतरी ओरडतं, ‘अगं, गोळी!’