चालतंय ना?

आपल्याकडे कुठल्याही वस्तूची तपासणी एका प्रश्नात आटोपते. ‘चालतंय ना?’ उत्तर ‘चालतंय’ असं आलं की तपासणी संपली, चहा मागवा. माझं या प्रश्नाशी उघड वैर आहे. पंख्याला विचारा, मिक्सरला विचारा, फार तर जावयाच्या धंद्याबद्दल विचारा. माझी हरकत नाही. पण विजेच्या सॉकेटातल्या वरच्या, तिसऱ्या भोकाला ‘चालतंय ना?’ विचारणं म्हणजे विम्याच्या पॉलिसीला ‘यंदा काय दिवे लावलेस?’ असं विचारण्यासारखं आहे. जिचं काम एकाच दिवशी पडायचं, ती बाकीचे दिवस चालते की नाही हे कळणार कसं?

जुना फ्लॅट घेणारा मध्यमवर्गीय माणूस मी बँकेच्या काउंटरवरून पुष्कळ पाहिला आहे. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो, टाइल्सवर टिचक्या मारतो, देव्हारा कुठल्या दिशेला येईल ते पाहतो, पाणी किती वाजता येतं ते शेजाऱ्याला खोदून विचारतो. मात्र भिंतीतल्या वायरी कुठल्या सालच्या, हे विचारणारा अजून भेटायचा आहे. आम्ही फ्लॅट घेताना मी विचारलं, तर एजंटाने घरातले सगळे दिवे एकदम लावून दाखवले. ‘बघा साहेब, चालतंय ना सगळं!’ बोर्ड नवे, पांढरेशुभ्र होते. मागच्या वायरी इमारतीच्या वयाच्या. जुन्या लेजरला नवं कव्हर घातलं म्हणून बाकी बदलत नसते.

तो थ्री-पिन प्लग एकदा नीट हातात घेऊन पाहा. वरची पिन जाड आणि लांब असते. लांब अशासाठी, की आत जाताना ती सगळ्यांत आधी टेकावी आणि निघताना सगळ्यांत शेवटी सुटावी. सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या नंतर जाणारा आमच्या शाखेत फक्त शिपाई आहे. यंत्राच्या आत फेजची वायर सोलवटून पत्र्याला लागली, तर तो करंट आपल्या अंगातून न जाता या पिनेवाटे जमिनीत जावा, एवढंच तिचं काम. शटरवाल्या सॉकेटात खालच्या भोकांची दारंही पुष्कळदा हीच उघडते. म्हणून तर टू-पिन घुसवायला आपण वरच्या भोकात पेन्सिल खुपसतो! रखवालदाराच्या तोंडात बोळा कोंबून आत शिरायचं आणि वर ‘जमलं’ म्हणायचं.

आमच्या नव्या-जुन्या घरात वॉशिंग मशीनला ओला हात लागला की सौ.च्या हाताला मुंग्या यायच्या. मूळ मालकांना फोन केला. ते म्हणाले, ‘अहो, आमच्या वेळीही यायच्या. स्लिपर घालायची!’ म्हणजे हा दोष नव्हे, घराण्याची परंपरा.

वायरमन आला. त्याने टेस्टर तिन्ही भोकांत घालून पाहिला. एकात दिवा लागला, दोन भोकांत लागला नाही.

‘ओके आहे साहेब.’

‘अर्थिंग आहे का?’

‘वर दिवा लागला नाही ना? म्हणजे ओके.’

इथे माझं बी.कॉम. कामाला आलं. टेस्टरचा दिवा फेजला लागतो. धड अर्थिंगला लागत नाही, आणि ज्या भोकामागे वायरच नाही तिथेही लागत नाही. वर्षभर व्यवहार नसलेलं खातं आणि मुळात उघडलेलंच नसलेलं खातं, दोन्ही सारखीच गप्प असतात. म्हणून काय दोन्हींवर चेक फाडायचा?

मेन स्विच बंद करून बोर्ड उघडायला लावला. मागे हिरवी वायर होती! वायरमनने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मी विचारलं, ‘हिचं दुसरं टोक कुठंय?’ ते सापडायला तास लागला. न्हाणीघरात लोखंडी पाइपाला ते गुंडाळलेलं होतं. जुन्या इमारतींत तशी पद्धत होती. पाइप जमिनीत जायचा, त्याच्याबरोबर करंटही. पण मध्यंतरी सोसायटीने सगळं प्लंबिंग प्लास्टिकचं करून घेतलं. भिंतीत उरला वीतभर लोखंडी तुकडा. आमच्या घराचा पृथ्वीशी संबंध तेवढ्यावर संपला होता.

‘सोपंय. न्यूट्रलमधून जंप मारून देतो,’ वायरमन म्हणाला. हा उपाय गावोगाव चालतो. मुंग्याही थांबतात. पण मागे कुठे न्यूट्रल तुटली, की मशीनचा पत्रा थेट २३० व्होल्टवर. मुंग्या जाऊन नाग! मी त्याला चहा देऊन परत पाठवला.

सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, ‘इतक्या वर्षांत कुणी मेलं का?’ हे वाक्य पहिला माणूस मरेपर्यंत दरवर्षी खरं असतं. नियम नाहीत असंही नाही. १९५६ च्या विद्युत नियमांत अर्थिंग होतं, २०१० च्या होतं, २०२३ च्या नियमांतही आहे. पण आमच्या हिरव्या वायरीसारखेच नियमही एकाच टोकाला जोडलेले.

‘एमसीबी आहे की!’ असं तुम्ही म्हणाल. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. सोळा अँपिअरचा एमसीबी माणसाला शॉक बसला तरी ढिम्म राहतो. हृदय बंद पडायला एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो. माणसासाठी असतो तो आरसीसीबी. हा आमच्या जातीचा, म्हणजे कारकून. फेजने किती गेला, न्यूट्रलने किती परत आला, याचा सतत ताळा घेतो आणि तीस मिलिअँपिअरची तफावत दिसली की व्यवहार बंद. अर्थिंग असेल तर तो तुमचा हात लागण्याआधीच पडतो. नसेल तर तुमच्या अंगातून तफावत गेल्यावर. आणि लोक काय करतात? ‘सारखा पडतो’ म्हणून तो काढूनच टाकतात! हिशोबातली चूक दाखवतो म्हणून कॅशिअरलाच घरी बसवण्यातला प्रकार.

तीन सभा आणि दोन रुसवे झाल्यावर आमच्या इमारतीला नवं अर्थिंग मिळालं. परवानाधारक इलेक्ट्रिशियनने मीटर लावून आकडा कागदावर लिहून दिला, सहीसकट. तो कागद मी सर्च रिपोर्टच्या वर ठेवला आहे. मालकी सिद्ध करायला मालक आधी जिवंत हवा.

टाइल्सवर टिचक्या खुशाल मारा. मात्र जुनं घर घेताना, आणि राहत्या घरातही, ‘चालतंय ना?’ हा प्रश्न हद्दपार करा. त्याच्या जागी एकच विचारा, आणि उत्तर डोळ्यांनी दिसेपर्यंत हलू नका: दुसरं टोक कुठंय?