चार मीटरची रेघ आणि कुटुंबाची गाडी

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या नोकरदार कुटुंबाने मोटार कशासाठी घ्यायची, याचा हिशेब इतर शहरांपेक्षा वेगळा आहे. इथला कमावता माणूस बहुधा सकाळी लोकल धरतो आणि गाडी सोसायटीच्या आवारात उभी राहते. ती खरी कामाला लागते गणपतीत कोकणात जाताना, मे महिन्यात माळशेज चढून जुन्नरकडे निघताना, कसाऱ्याचा घाट चढून नाशिकच्या लग्नाला पोहोचताना. त्या दिवशी गाडीत एकटा माणूस नसतो. आई-वडील असतात, नवरा-बायको असतात, एखादे मूल असते, प्रत्येकाची बॅग असते, आणि परतताना गावचे तांदूळ नाहीतर आंब्याची पेटी असते. अशा कुटुंबाच्या गाडीची परीक्षा याच दोन-तीनशे किलोमीटरांवर व्हायला हवी. त्या परीक्षेत परवडणारी मोठी सेडान आजही चांगल्या गुणांनी पास होते. तरीही तीच बाजारातून नाहीशी होत आहे. मारुती सुझुकीची सियाझ ऑक्टोबर २०१४ मध्ये आली आणि एप्रिल २०२५ मध्ये तिचे उत्पादन थांबले. लोकांना उंच गाड्या आवडू लागल्या म्हणून ती गेली, असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. उरलेला अर्धा भाग सरकारच्या करपत्रकात आहे.

आधी गाडी मापून पाहू. सियाझची लांबी ४,४९० मिलिमीटर आणि रुंदी १,७३० मिलिमीटर. त्याच कंपनीची नवी डिझायर ३,९९५ मिलिमीटर लांब आणि १,७३५ मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे रुंदी जवळपास सारखीच. फरक आहे तो लांबीत. ही अर्ध्या मीटरची वाढ कुठे जाते? पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर डिझायरमध्ये २,४५० मिलिमीटर आहे, सियाझमध्ये २,६५०. या वाढीव वीस सेंटिमीटरचा मोठा वाटा मागे बसणाऱ्यांच्या पायांना मिळतो. पाच तास गुडघे दुमडून बसायचे की पाय मोकळे ठेवून, हे तिथे ठरते. डिझायरची डिकी ३८२ लिटरची, सियाझची ५१० लिटरची. हा फरक दोन मध्यम बॅगांचा आहे, आणि पाच माणसांच्या प्रवासात त्याच दोन बॅगा एरवी कोणाच्या तरी मांडीवर येतात. हीच तुलना उंच गाडीशी करून पाहा. ह्युंदाई क्रेटाची डिकी ४३३ लिटरची आणि चाकांमधले अंतर २,६१० मिलिमीटर आहे. उंची डोळ्यांत भरते, पण बसणाऱ्याला आणि सामानाला लागते ती लांबी. शिवाय सियाझचा सर्वांत स्वस्त प्रकार शेवटी शोरूममध्ये सुमारे साडेनऊ लाखांना मिळत होता. एवढ्या पैशांत एवढी ऐसपैस नवी गाडी आज मिळणे कठीण झाले आहे.

आता कराकडे वळू. २००६ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी लहान मोटारींवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. लहान म्हणजे चार मीटरपेक्षा कमी लांब, आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १,५०० सीसीपर्यंत. ही रेघ पुढे जीएसटीतही कायम राहिली. गेली काही वर्षे लहान पेट्रोल गाडीवर उपकरासह २९ टक्के कर होता आणि सियाझच्या वर्गातल्या गाडीवर ४५ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून हे दर १८ आणि ४० टक्के झाले. दोन्ही दर उतरले म्हणून ही सुधारणा सर्वांना सारखीच लाभली असे वाटेल. आकडेमोड केली की चित्र बदलते. करापूर्वीची किंमत साडेसहा लाख धरा. जुन्या दरांनी लहान गाडी ८ लाख ३८ हजारांना पडली असती, मोठी ९ लाख ४२ हजारांना. अंतर सुमारे १ लाख ४ हजारांचे. नव्या दरांनी लहान गाडी ७ लाख ६७ हजारांना आणि मोठी ९ लाख १० हजारांना पडते. अंतर १ लाख ४३ हजारांचे. म्हणजे कर कमी झाला आणि दरी रुंदावली. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर, जो दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आहे, तोही वाढलेल्या किमतीवरच बसतो. गृहकर्जाचा हप्ता भरणाऱ्या घराला दीड लाख म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. अशा वेळी कंपन्या चार मीटरच्या आत जे मावेल तेच बनवतात आणि ग्राहक तेच घेतो. याला निव्वळ लोकांची आवड म्हणता येणार नाही.

या रेघेच्या बाजूने एक युक्तिवाद आहे आणि तो सरळ आहे. लहान गाडी इंधन कमी पिते, रस्ता कमी अडवते, म्हणून सरकारने तिला सवलत द्यावी. हेतू योग्य आहे, पण त्यासाठी निवडलेले माप आता चुकते. २००६ मध्ये चार मीटरच्या आतली गाडी म्हणजे बहुतेक वेळा हलकी, साधी गाडी होती. आज त्याच लांबीत उंच, रुंद आणि बाराशे किलोंपुढच्या एसयूव्ही बसवल्या जातात. सियाझचे वजन साधारण साडेदहाशे किलो होते. बुटक्या गाडीला हवा कमी अडवते, त्यामुळे महामार्गावर तिला इंधन कमी लागते. तरीही जड आणि उंच गाडी ‘लहान’ ठरते, तर हलकी पण लांब गाडी चैनीच्या दराने कर भरते. इंधन वाचवायचे असेल तर वजन आणि धूर मोजा. फ्रान्सने २०२२ पासून जास्त वजनाच्या गाड्यांवर वेगळा कर लावला आहे आणि २०२४ मध्ये ती मर्यादा १,८०० किलोंवरून १,६०० किलोंवर आणली. तिथले आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, पण वजन मोजण्याची कल्पना आपल्याकडेही राबवता येईल.

दुसरा आक्षेप आपल्या रस्त्यांचा आहे, आणि कल्याण-शिळ मार्गावरून किंवा घोडबंदर रस्त्यावरून पावसाळ्यात गेलेला कोणीही तो झटकून टाकणार नाही. सेडान खालून घासते. पाच माणसे आणि भरलेली डिकी असताना, वेड्यावाकड्या बांधलेल्या गतिरोधकावर, दोन चाकांमधल्या लांब अंतरामुळे तिचे पोट टेकू शकते. हा दोष मान्य करायलाच हवा. मात्र तो केवढा आहे तेही पाहायला हवे. सियाझच्या तळाचे जमिनीपासूनचे अंतर १७० मिलिमीटर होते, क्रेटाचे १९० आहे. फरक दोन सेंटिमीटरचा. स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या चाकणला बनणाऱ्या सेडानमध्ये ते १७९ मिलिमीटर आहे. या एक-दोन सेंटिमीटरच्या भरवशावर तुंबलेल्या पाण्यात गाडी घालणे कोणत्याच गाडीला मानवत नाही. हवेच्या वाटेने पाणी इंजिनात गेले की उंच गाडीचेही इंजिन बसते. दुसऱ्या बाजूला, ठाणेकर आता पूर्वीपेक्षा जास्त वेगाच्या रस्त्यांवर जाऊ लागला आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण सुरू झाला आहे आणि त्याच्या सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. या वेगात अचानक वळण घ्यावे लागले तर वजन जमिनीच्या जवळ असलेली गाडी अधिक स्थिर राहते. खड्ड्यांचा उपाय महापालिकेने रस्त्यावर करायचा आहे. तो प्रत्येक घराने गाडीच्या उंचीत विकत घेत राहणे महाग पडते.

गुडघ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे. संधिवात असलेल्या आजीला खाली वाकून सेडानमध्ये बसणे आणि बाहेर निघताना उठणे जड जाते. ज्या घरात ही अडचण रोजची आहे, त्यांनी उंच गाडीच घ्यावी. पार्किंगच्या बाबतीत मात्र भीती वास्तवापेक्षा मोठी आहे. राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरलेली आहे आणि काही जागा २.३ बाय ४.५ मीटरच्या ठेवायला मुभा आहे. सियाझ या लहान जागेतही दहा मिलिमीटर राखून बसते. ४,५४१ मिलिमीटरची स्लाव्हिया तिथे बसत नाही, तिला पाच मीटरची जागा हवी. जुन्या डोंबिवलीतल्या, पार्किंगच नसलेल्या इमारतींत तर चार मीटरची गाडीसुद्धा रस्त्यावरच राहते. ठाण्यातूनच निवडून आलेले परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी मे २०२५ मध्ये पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी न करण्याचा विचार मांडला. हा नियम आला तर तो आवश्यकच ठरेल, आणि मग अर्ध्या मीटरपेक्षा ‘जागा आहे की नाही’ हाच प्रश्न उरेल.

सियाझची बाजू मांडताना तिची उणीव झाकणे चुकीचे होईल. शेवटपर्यंत तिच्यात दोनच एअरबॅग होत्या, तर नव्या डिझायरमध्ये सहा आहेत आणि ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत तिला पाच तारे मिळाले आहेत. जुन्या बाजारात सियाझ शोधणाऱ्याने म्हणूनच फेब्रुवारी २०२३ नंतरचीच गाडी पाहावी. तेव्हापासून घसरण रोखणारी ईएसपी यंत्रणा तिच्या सर्व प्रकारांत आली. तिचे दीड लिटरचे इंजिन अर्टिगासारख्या गाड्यांतही वापरले गेले असल्याने इंजिनाच्या सुट्या भागांची चिंता कमी आहे. दिवे, बंपर, दरवाजे यांची चौकशी मात्र आधी करावी. बजेट दहा लाखांच्या पुढे जात असेल तर स्लाव्हिया, व्हर्टस आणि ह्युंदाई व्हर्ना यांचा विचार पहिला व्हावा. तिघींनाही २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले आणि तिघींची डिकी पाचशे लिटरच्या वर आहे. जागा आणि सुरक्षितता एकत्र मिळू शकते हे त्या दाखवतात. त्यांची किंमत मध्यमवर्गाच्या हाताबाहेर जाते त्यात ४० टक्के कराचा वाटा मोठा आहे.

म्हणून मागणी दोन ठिकाणी आहे. जीएसटी परिषदेने लांबीची अट काढून वजन आणि उत्सर्जन यांवर कराचे टप्पे ठरवावेत, म्हणजे पाच माणसांना नीट नेणारी हलकी गाडी पुन्हा बनवणे कंपन्यांना परवडेल. आणि गाडी घेणाऱ्या कुटुंबाने शोरूममध्ये एकट्याने स्टिअरिंगमागे बसून निर्णय घेऊ नये. घरातल्या पाचही जणांना न्यावे, तिघांना मागे अर्धा तास बसवावे, गावी जातानाच्या बॅगा डिकीत ठेवून झाकण लागते का ते पाहावे. गणपतीच्या आदल्या रात्री जी गोष्ट कळते, ती पैसे मोजण्याआधी कळलेली बरी.