रक्ताचे रंग

दर दिवाळीला या पानावर मी फराळाविषयी नाहीतर पाहुण्यांविषयी लिहितो. यंदा रक्ताविषयी लिहितो आहे. वाचकांनी दचकू नये; शेवट गोड आहे.

भाद्रपदात माझी धाकटी तापाने पडली. एक दिवसाआड थंडी वाजून ताप चढे आणि घाम येऊन उतरे. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले. माझ्या मनात नाही नाही त्या रोगांची नावे येऊ लागली. तपासणीच्या खोलीत शिरलो, तो समोर माझाच जुना विद्यार्थी! याला मी मराठीत तीन गुणांनी नापास केले होते.

"बसा सर," एवढेच तो म्हणाला.

धाकटीच्या बोटाचा थेंब त्याने काचेच्या पट्टीवर घेतला आणि दुसऱ्या पट्टीच्या कडेने झर्रकन पसरला. तो पातळ थर वाळल्यावर त्यावर निळसर द्राव ओतला.

"हा लीशमनचा रंग, सर. एरवी पांढऱ्या पेशी जवळजवळ दिसतच नाहीत."

१९०१ साली लीशमन या ब्रिटिश लष्करी डॉक्टराने तो सांगितला. त्यात मिथिलीन ब्लूचा निळा आणि इओसिनचा तांबडा एकत्र नांदतात. निळ्याला आम्ल भागाची ओढ, म्हणून पेशीचे केंद्रक जांभळे होते. तांबड्याला अल्कधर्मी भागाची ओढ, म्हणून तांबड्या पेशी गुलाबी दिसतात. त्याआधी १८७९ साली जर्मनीत पॉल एर्लिखने असल्याच कृत्रिम रंगांनी पांढऱ्या पेशींच्या जाती निरनिराळ्या ओळखल्या होत्या. थोडक्यात, हा रंग पेशीला नटवीत नाही, तिचा स्वभाव तेवढा उघड करतो.

दोन मिनिटांनी त्याने द्रावाच्या दुप्पट पाणी घातले. आता सात-आठ मिनिटे थांबायचे. मी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिले.

"सर, घाई केली तर रंग धरत नाही."

मी गप्प बसलो. पेपर तपासताना मी कुठे थांबलो होतो?

पट्टी धुऊन वाळवून, तेलाचा थेंब टाकून त्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बराच वेळ पाहून मला बोलावले. गुलाबी चकत्यांच्या गर्दीत एक चकती फुगलेली होती. तिच्यात निळे कडे, आणि कड्यावर तांबडा ठिपका.

"हाच हिवताप, सर. शत्रू दिसला, आता औषध आहे."

माझ्या डोळ्यांपुढे सगळेच रंग एकमेकांत मिसळले.

चौदा दिवसांच्या गोळ्या पुऱ्या झाल्या. आज धाकटी अंगणात रांगोळी भरते आहे. त्या विद्यार्थ्याला फराळाला बोलावले आहे. ते तीन गुण चकलीबरोबर परत करता येतात का, पाहतो.