नापास गाडी काय सांगते?

पीयूसी केंद्रावर गाडी नापास झाली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘काही जमतंय का बघा ना!’ जमवले, की १० हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची भीती संपते. धूर मात्र तसाच राहतो.

खरे तर नापासाचे आकडे मागून घ्यावेत आणि वाचावेत. पेट्रोल गाडीत दोन आकडे महत्त्वाचे: कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. बीएस-४ मोटारीला मर्यादा अनुक्रमे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. पहिला आकडा वाढला, तर इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाते आहे. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत आधी एअर फिल्टर पाहावा. परभणी जिल्ह्यातल्या काळ्या मातीच्या फुफाट्यात तो लवकर तुंबतो. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सरवर संशय घ्यावा. फक्त हायड्रोकार्बन वाढला, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे. प्लग, कॉइल तपासा.

दोन्ही वाढले की मेस्त्री कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला सांगतो. थांबा. कन्व्हर्टर साधारण ३०० अंशांना तापल्याशिवाय नीट कामच करीत नाही, आणि आपल्या गावात घरापासून केंद्र जेमतेम पाच मिनिटांवर! पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून पुन्हा तपासणी करा, हा फुकटचा उपाय आहे. कन्व्हर्टर खरोखर गेला असेल, तरी तो कशाने गेला हे आधी शोधा. प्लग चुकत असेल तर न जळलेले पेट्रोल नवा कन्व्हर्टरही जाळून टाकते, आणि तो भाग स्वस्त नाही.

डिझेलची खूण डोळ्यांना दिसते. काळा धूर असेल तर इंजेक्टर किंवा फिल्टर. निळसर असेल तर ऑइल जळते आहे.

कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. दिवसभर चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस, बसस्टँडसमोरचा रिक्षावाला आणि फळगाडेवाली यांना तो चुकवता येत नाही. त्यांच्यापैकी कुणी आपल्या पीयूसीवर सही केलेली नसते.

म्हणून परिवहन विभागाने केवळ रस्त्यावर कागद तपासू नयेत. मुद्दाम बिघडवलेली एखादी गाडी, न सांगता, केंद्राकेंद्रावर पाठवून पाहावी.