अकरा अक्षौहिणींचा युक्तिवाद

टिळकांच्या ‘गीतारहस्या’तील (१९१५) ‘आधिभौतिक सुखवाद’ हे प्रकरण आपण बहुधा गद्यशैलीचा नमुना म्हणून शिकवितो. त्यातील युक्तिवाद तपासत नाही. अधिकांचे अधिक सुख हे तत्त्व खोडताना टिळक कौरवांच्या अकरा व पांडवांच्या सात अक्षौहिणींचा दाखला देतात: संख्येवरून न्याय ठरत नाही. दाखला प्रभावी आहे, निर्णायक नाही. बेंथॅम-मिल मोजतात ते पक्षधर नव्हेत, तर कृत्याने ज्यांचे सुखदुःख बदलते ते सर्व. मात्र मिलने १८६१ मध्ये सुखांत गुणभेद मानला. तेव्हा केवळ बेरीज अपुरी पडते. ‘सुखदुःखविवेक’ या पुढील प्रकरणाचे बळ येथेच जाणवते. टिळकांशी वाद घालीत ही प्रकरणे शिकविणे, हाच त्या ग्रंथाचा खरा आदर होय.