तळ्याकाठची सकाळ आपलीही आहे

धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी ओसरली की नागपुरात सकाळी गारवा जाणवू लागतो. याच दिवसांत विदर्भातल्या तलावांवर पाहुणे पक्षी उतरतात. शेपटी वरखाली हलवत काठावर तुरुतुरु चालणारा धोबी पक्षी लवकर येतो. थंडी वाढली की तलवार बदक, थापट्या बदक यांचे थवे दिसतात. खंड्या, पाणकावळा, टिटवी, ढोकरी ही मंडळी तर बारमाही इथलीच.

आरोग्याच्या पानावर पक्षी कशाला, असे कुणी विचारेल. वस्तीत शुगर-बीपी तपासताना आम्ही “रोज चाला” असे सांगतो. भगिनी चार दिवस चालतात आणि सोडून देतात. “दिवसभर चार घरची धुणीभांडी करतो, आणखी काय चालायचे?” हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. कष्ट हीसुद्धा हालचालच आहे. पण त्या कष्टाने कंबर दुखते, मनावरचा भार उतरत नाही. नुसते चालणेही मग आणखी एक काम वाटते. आज काठावर कोण आले आहे ते पाहायला निघालो, तर तेच चालणे टिकते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल सांगते. पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चाललो की ती पूर्ण होते. कामामुळे रोज जमत नसेल तर सुट्टीच्या दिवसापासून सुरुवात करा.

खरी अडचण दुसरीच आहे. तलावाचा काठ म्हणजे बूटवाल्यांची, दुर्बीणवाल्यांची जागा, असे आपल्या बायकांना वाटते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ते सार्वजनिक पाणवठा सर्वांचा आहे हे सांगायला. मग आपणच संकोचाने मागे का राहायचे? पक्षी पाहायला दोन डोळे पुरतात.

थोडी काळजी मात्र घ्या. चारपाच जणी मिळून, उजाडल्यावर निघा. शुगर असेल तर अनवाणी चालू नका. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी निघू नका, जवळ साखर ठेवा. छातीत दुखले, दम लागला तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. डासांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका.

एवढ्यावर आमचे समाधान नाही. काठावर दिवे, स्वच्छ मुतारी आणि बसायला बाक हवेत. ते नगरसेवकाकडे मागायला महिला मंडळाने लेखी अर्ज द्यावा. तलावात जाणारे सांडपाणी थांबवा, हेही त्यात लिहावे. घाण पाण्याचा त्रास पक्ष्यांना होतो, तसाच काठावरच्या वस्तीलाही होतो.

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस. महाराष्ट्रात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. त्या आठवड्यात घरच्या मुलांना घेऊन जवळच्या तलावावर एक सकाळ जा. दिसलेल्या पक्ष्यांची नावे त्यांना वहीत लिहायला सांगा. सोबत आजीलाही न्या.